नावावरचे ओरखडे

मंचर, ११ ऑगस्ट २००२

चि. गोरख,

पत्ता बहिरूने दिला. त्याच्यावर रागावू नकोस. बटाटा टाकायला तो टेम्पो घेऊन कल्याणला येतो आणि तू त्याला चहा पाजतोस, एवढं त्याच्या तोंडून काढायला मला आठ महिने लागले. पत्ता काढायला आणखी चार. तू त्याला शपथ घातली होतीस म्हणे. ती मोडल्याचं पाप मला लागू दे.

आठ वर्षांनी भावाचं पत्र आलं म्हणजे घरात कुणाचं काही झालं असणार, असं वाटून तू हे उभ्यानेच फोडलं असशील. काही झालेलं नाही. आई बरी आहे, गुडघे सोडले तर. मला एक शंका विचारायची आहे आणि ती काचेबद्दल आहे. बहिरू सांगतो, तू जुन्या काचेच्या हंड्या-झुंबरं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे कामाला आहेस. आपल्या दोन तालुक्यांत मला दुसरा कुणी काचवाला माहीत नाही. म्हणून तू. आणि खरं सांगायचं तर काच हे निमित्तही आहे. तुझी एक ओळ यावी असं मला फार वाटतं.

मी अजून तिथेच बसतो, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर, नाव घालायचं मशीन घेऊन. लग्नसराईत मान वर करायला फुरसत नसते. परवा मात्र माशा मारत होतो, तेव्हा एक बाई आल्या. टॉवेलात काहीतरी तान्ह्या पोरासारखं गुंडाळलेलं. नाव नूतन. माहेर तळेघरचं, दिलेल्या खोडदला, नवरा दुर्बिणीच्या ऑफिसात बागकामाला. माहेराहून परतताना मंचरला गाडी बदलायची होती, तेवढ्यात म्हणाल्या, "भाऊ, यावर माझं नाव घाला."

उलगडलं तर काचेची फुलदाणी. वीतभर उंच. आत दुधी काच, वर तांबूस तपकिरी काचेचा थर, आणि तो थर कोरून काढून पानं केलेली. पानाची शीर न शीर वेगळी. मी म्हटलं, "बाई, काचेवर मशीन चालवत नाही मी. फुटली तर?"

"आदी कुनीतरी घातलंय की," त्या म्हणाल्या आणि फुलदाणी पालथी केली.

बुडाशी खरंच नाव होतं. परदेशी, तिरकं, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब.

नूतनबाईंनी पुण्यात एका पारशी म्हातारीची अकरा वर्षं सेवा केली. म्हातारीने जाण्याआधी ही वस्तू स्वतःच्या हाताने त्यांना दिली. आता पुतण्या म्हणतो की ती एका मोठ्या परदेशी कारागिराची आहे, बुडाशी त्याची सही आहे, तेव्हा ती घराण्याची, परत करा. "उद्या कुनी म्हनायला नको, बाईच्या घरातनं उचलून आनली म्हनून," असं त्या म्हणाल्या. म्हणून स्वतःचं नाव घालून हवं होतं. बिचारीला वाटलं, नाव घातलं की वस्तू आपली.

मी नाव घातलं नाही. पण डोळ्याला भिंग लावून ती सही पाहिली आणि माझं डोकं भिरभिरायला लागलं. गोरख, सही करणारा विचार करत नाही, त्याचा हात आपोआप जातो. नाव घालणारा आधी मनात जागा मोजतो. हे तुला मी काय सांगू. या सहीतली पहिली चार अक्षरं ऐसपैस आहेत आणि शेवटची दोन दाटीवाटीने कोंबली आहेत. जन्मभर स्वतःचं नाव लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावाला किती जागा लागते ते कळू नये?

बाईंना म्हटलं, वस्तू महिनाभर ठेवून जा, पावती देतो. त्यांनी विश्वास टाकला. तेव्हा कळव, काचेवरची खोटी सही कशी ओळखायची.

तुझा,
सोपान


मंचर, १ सप्टेंबर २००२

चि. गोरख,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं हे मला ठाऊक आहे, बहिरूने तुझ्या खिशात पाहिलं. म्हणजे तू ते फाडलं नाहीस. माझ्यासारख्या चौकस माणसाला तेवढं पुरतं.

दरम्यान मी गप्प बसलेलो नाही. पतसंस्थेत सयाजी मॅनेजर झालाय. त्यांच्याकडे खोट्या नोटा ओळखायचा निळा दिवा आला आहे. मी फुलदाणी घेऊन गेलो. सयाजी म्हणाला, "सोपानराव, हितं नोटा तपासत्यात, गाडगी-मडकी नाय." तरी त्याने शटर अर्धं ओढून दिवा लावून दिला. काच मंद हिरवट उजळली. कॅशियर, शिपाई आणि कर्जाला आलेले दोघे, सगळे वाकून बघत होते. फार सुंदर दिसलं. पण सहीबद्दल त्यातून काडीचं कळलं नाही.

मग नखाने पाहिलं. सहीच्या रेघेची कड नखाला लागते, बारीक खरखर आहे. आणि रेघ आतून पांढरी आहे, पिठूळ. अंगावरची कोरीव पानं मात्र हाताला मऊ लागतात. पण हे पुरावा म्हणून पुरे आहे का? पुतण्या शिकलेला माणूस आहे. त्याने दुसरं पत्र पाठवलंय आणि त्यात वकिलाचं नाव आहे. नूतनबाई परवा आल्या होत्या. पायरीवर बसून त्यांनी पाणी मागितलं आणि विचारलं, "भाऊ, माझ्या बाईनं मला खोटं दिलं का खरं, तेवढं सांगा. वस्तू जाईना का."

त्यांना उगाच काहीतरी सांगू नये असं मला वाटतं. मागे एकदा मी एका नजरेत सांगून मोकळा झालो होतो.

आई रोज विचारते, टपाल आलं का. तिला मी लिहिल्याचं सांगितलेलं नाही, तरी विचारते.

तुझा,
सोपान


मंचर, २२ सप्टेंबर २००२

चि. गोरख,

कार्ड मिळालं. खाली सही नाही, वर मायना नाही, पण अक्षर पाहून पोस्टमनच्या हातातच ओळखलं. दुकानदाराला भजी आणायला लावली. का ते त्याला सांगितलं नाही.

तू लिहिलंस: "दिव्याने झालं तर काचेबद्दल काही कळेल, सहीबद्दल नाही. बुडाचे ओरखडे बघ. ओरखडा रेघेवरून गेलाय की रेघ ओरखड्यावरून, एवढंच बघ. बाकी सगळं फसवता येतं."

गोरख, मी त्या दिवशी दुपारचं जेवलो नाही.

वस्तू पन्नास-साठ वर्षं टेबलावर सरकते, फडताळात सरकते, पुसायला उचलली जाते, पुन्हा ठेवली जाते. बुडाला बारीक ओरखडे पडतात, कुणी मुद्दाम पाडत नाही. कारागिराने सही केली ती वस्तू नवीन असताना. तेव्हा ओरखडे सहीनंतरचे असले पाहिजेत, ते तिच्यावरून गेले पाहिजेत. रेघेच्या दोन्ही कडा त्यांनी जागोजागी खरवडल्या पाहिजेत, बोथट केल्या पाहिजेत. मी खिडकीशी आरसा लावून ऊन बुडावर तिरकं पाडलं आणि भिंग लावून बघत बसलो. ओरखडे शेकड्याने होते. एकेक धरून सहीपर्यंत चालत गेलो. प्रत्येक ओरखडा रेघेपाशी येऊन तुटत होता आणि पलीकडे पुन्हा सुरू होत होता. मधे रेघ कोरी, कडा धारदार. सही ओरखड्यांना कापून गेली होती. म्हणजे आधी म्हातारी झाली ती काच, आणि मग कुणीतरी तिच्यावर नाव घातलं.

इतकं साधं आहे हे. वीस वर्षं नावं घालतोय, पण नाव आधी की घासल्याच्या खुणा आधी, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. मी आजवर फक्त हात बघत आलो, कुणाचं वळण आहे ते.

काच खरी जुनी आहे असं माझं मत. कोरीव काम करणाराही मोठा असणार, फक्त त्याने नाव घातलं नव्हतं. ते मधल्या कुणा दलालाने भाव वाढवायला घातलं. नूतनबाईंना हे सगळं मी आरसा-बिरसा धरून दाखवलं. त्या बराच वेळ भिंगातून बघत होत्या. मग हसायला लागल्या. "म्हंजी आता तेला नको आसंल," म्हणाल्या. आणि तसंच झालं. पुतण्या स्वतः गाडी घेऊन मंचरला आला, पायरीवर उकिडवा बसला, भिंग लावलं, आणि बुडाचे ओरखडे बघून उठला. जाताना म्हणाला, मावशींनाच राहू द्या. नूतनबाई तीत आता उदबत्त्या ठेवतात.

पण मला आता दुसरीच टोचणी लागलीय. हे सगळं तुला इतकं नेमकं कसं ठाऊक? खोटी सही कशी उघडी पडते हे ती करणाऱ्याला सगळ्यात चांगलं कळतं. मी आरोप करत नाही. विचारतोय.

तुझा,
सोपान


मंचर, १० नोव्हेंबर २००२

चि. गोरख,

तुझं दुसरं कार्ड दिवाळीत आलं. आईला वाचून दाखवलं नाही, तिने ते उशाखाली ठेवून घेतलं. तिला वाचता येत नाही हे बरं.

"मालकाने चार वर्षांपूर्वी एक जुना दिवा पुढे ठेवला आणि नाव घाल म्हणाला. मी हत्यार खाली ठेवलं. तेव्हा त्यानेच सांगितलं की जुन्या मालावर नवीन नाव कसं पकडलं जातं, म्हणजे मी नीट घालीन. तरी घातलं नाही. मी का घालणार नाही ते तुला कळायला हवं होतं. तू विचारलंसच, तर आता भिंग आणि आरसा घेऊन लोणीला जा."

मी ते पाच-सहा वेळा वाचलं. आपल्या गावी, लोणीला, अजून गेलेलो नाही. का गेलो नाही ते सांगायला आधी त्या बैठकीबद्दल लिहावं लागेल, आणि ते मी आजवर कुणाला लिहिलं नाही.

चौऱ्याण्णव साल. चैत्रातली जत्रा आठवड्यावर आलेली. आपल्या गावचा भिमाजी खोडदला लग्नाला गेला, आणि तिथे चुलीवर चढवलेला तांब्याचा मोठा हंडा त्याला ओळखीचा वाटला. हंड्यावर नाव होतं "कै. लंकाबाई हिच्या स्मरणार्थ". कोण लंकाबाई ते त्या घराला माहीत नव्हतं, त्यांनी वर्षापूर्वी हंडा मोडीच्या दुकानातून घेतलेला. भिमाजीने नावाखाली बोट फिरवलं तर घासून काढलेली दुसरी अक्षरं लागली. समस्त ग्रामस्थ, लोणी. आपल्या गावकीची भांडी मोजली तर दोन हंडे कमी. शेवटची मोजणी कधी झाली होती ते कुणी विचारलं नाही. चोरी वर्ष-दोन वर्षांतलीच, असं सगळ्यांनी धरून टाकलं. आणि त्या काळात तू नारायणगावात मोडीच्याच दुकानाशेजारी छिन्नी-हातोडी घेऊन बसत होतास.

मारुतीच्या देवळात बैठक झाली. हंडा मधे. मला म्हणाले, तू सांग हात कुणाचा, तुझ्याइतका डोळा कुणाचा नाही. मला ते आवडलं, गोरख. हे आज लिहितो. इतकी माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मी वाकलो. नावाच्या आरंभी दोन खोल टिंबं होती. छिन्नीची धार बघायला आपले नाना आधी दोन टिंबं मारायचे, आणि तू त्यांच्याकडून तेच उचललंस. मी मशीनवर गेल्यापासून सोडलं. नानांना मोतीबिंदू होऊन, हात थरथरायला लागून पाच वर्षं झाली होती. मग राहिलं कोण? मी तुझं नाव घेतलं.

तू काही बोलला नाहीस. मी वाट बघत होतो की तू म्हणशील, मी नाही. नाना खांबाला टेकून बसले होते. तेही काही बोलले नाहीत. तू उठलास, चपला घातल्यास आणि गेलास. नानांना अग्नी द्यायला आलास तेव्हाही ओढ्यावरूनच परत गेलास.

तुझ्या गप्प राहण्याला मी कबुली समजलो. आता तुझं कार्ड वाचल्यापासून मला झोप लागत नाही. आणि भिंगाचीही भीती वाटते.

तुझा,
सोपान


लोणी, २ फेब्रुवारी २००३

गोरख,

गेलो. कालच.

देवळामागच्या खोलीची किल्ली भिमाजीकडे असते. तो म्हणाला, "कशाला पायजे त्यो हंडा? चोरीचा म्हनून कुनी आजवर चुलीवं चढवला नाय." खरंच, बैठकीच्या दिवशी गोणपाटात बांधला तसाच होता, सुतळीची गाठही तीच. म्हणजे नऊ वर्षांत त्याला कुणी घासलेलं नाही. जे काही अंगावर आहे ते बैठकीच्या आधीचं.

दाराशी उन्हात आणला. आरसा लावला. तांब्यावर हिरवट काळपट चढलंय, ते चिंचेने थोडं काढलं आणि भिंग लावलं.

लंकाबाईचं नाव छिन्नीने टिंबाटिंबांनी ठोकलेलं, त्यातल्या एकाही टिंबाला धार नाही. कडा सगळ्या गोल झाल्या आहेत, बोट फिरवलं तर अडकत नाही. राखेने आणि काथ्याने घासल्याच्या आडव्या रेघा, हजारो, त्या टिंबांवरून सरळ पलीकडे गेल्या आहेत. काही टिंबं तर इतकी झिजली आहेत की अक्षर अंदाजाने वाचावं लागतं. खोडदवाल्यांनी हंडा एक वर्ष वापरला. एका वर्षात तांबं असं झिजत नाही. गावकीच्या खोलीत ताडून बघायला दुसरी भांडी होतीच, सालासकट नावं घातलेली. सत्तर सालच्या परातीवरचं नाव याच हंड्याइतकं झिजलं होतं. ऐंशी सालचं त्यापेक्षा खूप ताजं.

सत्तरच्या आसपास तू तीन-चार वर्षांचा होतास.

मी तिथेच बसून राहिलो. भिमाजी म्हणाला, "काय रं, चक्कर आली का?" मी मान हलवली. गावातल्या आपल्या घरी आलो; आईला मंचरहून बरोबर आणलं होतं. आई शेंगा फोडत होती. मी काही प्रस्तावना केली नाही. विचारलं, "लंकाबाई कोण?"

तिचे हात थांबले. "कुनी न्हाई," म्हणाली. "तुझ्या बापानं मनानं घातलेलं नाव ते. दुस्काळाच्या साली. गावकीची भांडी तवा आपल्याच पडवीला असायची. दोन हंडे इकले आन् रेशनची लाल मिलो जवारी आनली. तू दुसरीत व्हता. गोरख नुस्ता पाच वर्साचा."

"तुला ठाऊक होतं?"

"मला ठावं व्हतं. गोरखलाबी ठावं व्हतं. बैठकीच्या आदल्या सांजंला मीच त्याला सांगितलं. म्हनलं, कुनी काय इचारलं तरी बापाचं नाव घिऊ नकू, त्यो मरंल लाजंनं. मला वाटलं नुस्ती बोलाचाली व्हईल आन् मिटंल. तू त्याच्याच अंगावं घालशील हे मला काय ठावं?"

"मग मला का नाही सांगितलंस, आई?"

"तुला सांगितलं आसतं तर तू बोलून बसला आसता."

गोरख, घरातल्या चौघांपैकी तिघांना ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नव्हतं त्यालाच गावाने विचारलं, आणि त्याने सांगितलंही. तू समोर बसून ऐकत होतास. माझा डोळा, माझा डोळा म्हणून मी मिरवलो आणि मला माझ्या बापाचा, नानांचा, हात ओळखता आला नाही. त्याहून वाईट ते हे की, तेव्हा क्षणभर मनात आलं होतं, टिंबं फार बोथट आहेत. आलं होतं. मी पुन्हा वाकलो नाही, कारण सगळे बघत होते आणि मी आधीच बोलून गेलो होतो.

आता तू सांग. गावात खरं सांगितलं तर तू ज्यासाठी नऊ वर्षं तोंड मिटून राहिलास ते सगळं वाया जातं. नाही सांगितलं तर तू चोर राहतोस. मला ठरवता येत नाही, आणि ठरवायचा हक्क माझा आहे असंही वाटत नाही.

सोपान


लोणी, १८ एप्रिल २००३

चि. गोरख,

तुझं कार्ड मार्चमध्ये आलं. "राहू दे. नानांचं नाव काढू नकोस." एवढंच.

या वेळी आईला वाचून दाखवलं. तिने कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. मग म्हणाली, "तुझा बाप आता कुनाच्या पंगतीला बसायचा न्हाई. गोरखला बसायचंय." आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. तू रागावणार असशील तर दोघांवर रागाव.

परवा हनुमान जयंतीला देवळात माणसं जमली होती. मी हंडा मधे आणून ठेवला, त्याच जागी. बोलायला उभा राहिलो. "चौऱ्याण्णव साली मी इथे सांगितलं की हा हात गोरखचा आहे. तो गोरखचा नव्हता," एवढं म्हणालो आणि पुढचं वाक्य आलं नाही. मी, जो एरवी थांबत नाही.

तेव्हा आई पुढे आली. बायका एका बाजूला बसल्या होत्या, त्यांतून ती उठली आणि हंड्याला धरून उभी राहिली. म्हणाली, "माझ्या मालकानं इकला. मिलो खाल्ली ती मी रांधली. माझ्या पोरानं न्हाई." खाली मान न घालता म्हणाली.

मग एकेकाला मी आरसा धरून ओरखडे दाखवले. म्हातारे वाकून बघत होते, पोरं बघत होती, ज्यांना काही दिसत नव्हतं तेही मान डोलवत होते. भिमाजी सगळ्यांत शेवटी वाकला. बराच वेळ वर आला नाही. वर आला तेव्हा त्याने मला विचारलं, "मंग नऊ वर्सं आमी त्या पोराला काय म्हनत व्हतो, सोपान?"

याचं उत्तर तुलाच द्यायचं आहे, शब्दांत देता आलं तर.

नानांबद्दल कुणी वाईट बोललं नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितो. एक म्हातारी तेवढी म्हणाली, दुष्काळात आमच्या घरातलंही काय काय गेलं, आम्ही कुणाला सांगितलं नाही.

सोपान


कल्याण, ४ मे २००३, तुझ्या जिन्यात

गोरख,

हे पोस्टात टाकायचं नाही, हातानेच द्यायचं आहे. तुझ्या पत्राची वाट पंधरा दिवस पाहिली आणि मग आई म्हणाली, चल. नारायणगावच्या पुढे न गेलेली ती बाई माळशेज घाटात डोळे मिटून बसली होती. आता तुझे तीन मजले चढून आली आहे. मधे दोनदा पायरीवर टेकली. आत्ता माझ्या शेजारी बसली आहे आणि मी लिहितोय म्हणून माझ्यावर चिडली आहे.

लिहितोय कारण दार उघडल्यावर मला बोलता येईल की नाही याची खात्री नाही. देवळात आलं नाही. म्हणून आधी हे दाराखालून सरकवतो.

मी चुकलो. मला दिसलं होतं आणि मी पाहिलं नाही. तू माझा धाकटा भाऊ, तू पाच वर्षांचा असताना घडलेल्या गुन्ह्यासाठी मी तुला गावाबाहेर काढलं. यावर माफी कशी मागतात ते मला माहीत नाही. दार उघडायचं नसेल तर नको उघडूस, मी खाली जाऊन उभा राहतो. पण आईला आत घे. तिला पाणी हवंय.

आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला. घरात आहेस. आई म्हणते, "लिवतो काय, वाजव की."

वाजवतो.